लॅपटॉप वॉरंटीत आहे आणि बिघडलाय: फर्मवेअर अपडेटपासून सर्व्हिस सेंटरपर्यंत

वॉरंटीतल्या लॅपटॉपची तक्रार नोंदवायला फोन लावा, पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, बायोस अपडेट केलंय का?" तुम्ही "नाही" म्हणालात की तक्रार तिथेच लोंबकळते. "आधी ते करून बघा, नाहीच झालं तर पुन्हा कॉल करा." पुन्हा कॉल केला की नवा माणूस, नवी सुरुवात. घरातल्यांच्या, ऑफिसातल्यांच्या आणि सोसायटीतल्या दोन-तीन शेजाऱ्यांच्या मशिनी घेऊन मी या चक्रातून गेलोय. त्यातून एक क्रम पक्का झाला. फर्मवेअर आपणच आधी अपडेट करायचं, त्याचा पुरावा ठेवायचा आणि मगच तक्रार करायची, तीही लेखी. ज्यांनी पहिलाच लॅपटॉप घेतलाय, शिकायला किंवा नोकरीला नुकतेच मुंबईत आलेत आणि घरात विचारायला कुणी नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

फर्मवेअर म्हणजे काय, ते थोडक्यात. लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो. विंडोज जागं व्हायच्या आधी तो जागा होतो. बोलताना सगळे त्याला बायोस म्हणतात, हल्लीच्या मशिनींत तो यूईएफआय असतो. त्याच्या जोडीला एम्बेडेड कंट्रोलर नावाची आणखी एक चिप असते. पंखा कधी फिरवायचा, बॅटरी किती चार्ज करायची, झाकण मिटल्यावर काय करायचं, ही कामं तिची. म्हणून पंखा उगाच घोंघावणं, चार्जिंग अडणं, झोपवलेला लॅपटॉप सकाळी रिकामा सापडणं, टाइप-सी डॉक न ओळखणं अशा तक्रारी कधी कधी नुसत्या अपडेटने जातात.

१. आधी दोष नक्की काय आहे ते पाहा

स्क्रीनवर उभी रेघ, तुटलेला बिजागर, मेलेली कळ, स्पीकरची खरखर यावर फर्मवेअर काही करू शकत नाही. तिथे अपडेट फक्त समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून करायचं.

टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय असं दिसलं तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी अपडेट नाही, चार्जिंगही नाही. मशीन बंद करा, चार्जर काढा आणि सरळ तक्रार करा. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप बॅगेत कोंबून विरार लोकलमध्ये शिरू नका. इंजिनिअर घरी पाठवा, असं स्पष्ट सांगा.

दोष नसताना दोष वाटणारी एक गोष्ट नेहमी भेटते. "बॅटरी ८० टक्क्यांच्या वर जातच नाही" अशी तक्रार दहातल्या निम्म्या वेळा सेटिंगची निघते. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून कंपन्या ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय देतात आणि कुणीतरी ती चालू केलेली असते. कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरीचं पान उघडून बघा.

२. कागदपत्रं आणि सामान

हे गोळा केल्याशिवाय फोन उचलू नका:

- खरेदीचं जीएसटी बिल. ऑनलाइन घेतलं असेल तर विक्रेत्याचं टॅक्स इन्व्हॉइस, नुसती ऑर्डरची पावती चालत नाही
- सिरियल नंबर. डेलच्या मशिनींवर याला सर्व्हिस टॅग म्हणतात, तो ७ अक्षर-अंकांचा असतो
- मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षर-आकड्यांसह
- बायोसची आत्ताची आवृत्ती
- मूळ चार्जर
- फोटो-व्हिडिओ ठेवायला मोबाइलमध्ये जागा
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क

सिरियल नंबर मागच्या स्टिकरवर असतो, पण मुंबईचा घाम आणि बॅगेची घासाघीस यात वर्षभरात तो पुसला जातो. मशीन चालू होत असेल तर विंडोजच्या शोधपट्टीत "सिस्टीम इन्फर्मेशन" शोधा. तिथे मॉडेल आणि बायोसची आवृत्ती तारखेसह मिळते. सिरियल नंबर कंपनीच्या ॲपमध्ये दिसतो. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. लॅपटॉप नवा असेल तर आजच काढा.

आता वॉरंटी तपासा. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की मुदत दिसते. इथे एक सापळा आहे. बऱ्याचदा वॉरंटी तुमच्या खरेदीपासून नाही, तर कारखान्यातून माल निघाला त्या दिवसापासून मोजलेली असते. दुकानात मशीन चार महिने पडून असेल तर तुमचे चार महिने गेले. बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून मिळते, पण मागावी लागते. मुदत संपायच्या आठवड्यात मागायला गेलात तर धावपळ होते, त्यामुळे लॅपटॉप घेतल्याबरोबर हे काम उरका.

प्रकारही बघून ठेवा. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर घरी येणार, कॅरी-इन म्हणजे तुम्ही घेऊन जायचं. पडण्या-सांडण्याचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं. तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीची बहुतेक वेळा एकच वर्षाची असते.

३. बॅकअप आणि बिटलॉकरची किल्ली

ही पायरी वगळायची नाही. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. विंडोज ११च्या अनेक मशिनींत ते आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोस बदललं किंवा मदरबोर्ड बदलला की विंडोज संशय घेतं आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर आतलं काहीही परत मिळत नाही. कंपनीकडूनही नाही, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातल्या उस्तादाकडूनही नाही.

विंडोजमध्ये ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलंय, त्या खात्यात ही की बहुधा साठवलेली असते. ब्राउझरमधून खात्यात जाऊन डिव्हाइसच्या पानावर ती शोधा आणि कागदावर उतरवा. लॅपटॉप ऑफिसने दिला असेल तर आयटीवाल्यांकडे मागा, आणि ऑफिसच्या मशीनचं बायोस त्यांना न विचारता छेडू नका. मग कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. त्यासाठी विंडोज प्रोमध्ये "सस्पेंड" हा पर्याय असतो, पूर्ण बंद करायची गरज नाही. विंडोज होममध्ये तो दिसत नाही, तिथे की उतरवलेला कागद हाताशी ठेवा.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. तिथे भांडून उपयोग नाही.

४. फर्मवेअर अपडेट

सर्वात सोपा रस्ता कंपनीच्या ॲपचा. लेनोवोचं व्हँटेज, डेलचं सपोर्टअसिस्ट, एचपीचं सपोर्ट असिस्टंट, आसुसचं मायआसुस. उघडा, अपडेट तपासा, यादीत बायोस किंवा फर्मवेअर दिसलं तर तेवढं निवडा. विंडोज अपडेटच्या ऐच्छिक अपडेटमध्येही कधी कधी फर्मवेअर येतं. उबंटू वापरणाऱ्यांसाठी "फर्मवेअर अपडेटर" ॲप आहे, डेल, लेनोवो आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांची अपडेट्स तिथेच मिळतात. मॅकवाल्यांनी हा भाग सोडून द्यावा, त्यांचं फर्मवेअर मॅकओएसच्या अपडेटसोबतच येतं.

फाइल हाताने उतरवत असाल तर कंपनीच्याच साइटवरून, आणि मॉडेलच्या नावावरून नको, सिरियल नंबरवरून शोधा. एकाच नावाखाली इंटेलचा आणि एएमडीचा असे दोन वेगळे लॅपटॉप विकले जातात, त्यांची बायोसं वेगळी असतात. "सगळे ड्रायव्हर अपडेट करा" म्हणणाऱ्या तिऱ्हाईत सॉफ्टवेअरला दारात उभं करू नका. फाइलसोबतची टीपही वाचा. काही जुन्या मशिनींना मधली एक आवृत्ती आधी घालावी लागते, आणि एकदा पुढे गेलं की मागे परतता येत नाही असंही काही ठिकाणी असतं.

बसण्याआधी:

- चार्जर लावलेला आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली
- पेनड्राइव्ह, डॉक, बाहेरचा मॉनिटर काढलेला
- सगळे प्रोग्राम बंद
- अर्धा तास मोकळा, घाई नसलेला

वीज बेस्टची असो, अदानीची असो की मुलुंड-भांडुपकडे महावितरणची, पावसाळ्यात जोराचा वारा सुटला की भरवसा नाही. चार्जर आणि बॅटरी दोन्ही हवी ती त्यासाठीच. बॅटरीच खराब असेल तर अपडेटचा प्रोग्राम नकार देतो. त्याला फसवून पुढे ढकलण्याच्या युक्त्या यूट्यूबवर आहेत. त्या करू नका. नकाराच्या संदेशाचा फोटो काढा. "बॅटरी खराब असल्याने अपडेट होत नाही" हा तुमच्या तक्रारीचा पुरावाच झाला.

अपडेट सुरू झालं की मशीन रीस्टार्ट होतं, कंपनीचा लोगो येतो, खाली टक्केवारीची पट्टी सरकते. मग पडदा पूर्ण काळा होतो. पंखा अचानक पूर्ण वेगाने फिरू लागतो, मग बंद पडतो, मशीन पुन्हा आपोआप चालू होऊन पुन्हा काळं. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि पॉवरचं बटण दाबून धरतो. आत चिपवर लिहिणं चालू असतं. ते अर्धवट राहिलं तर बोर्ड मुका होतो. हात मांडीवर ठेवून बसा. झाकणही मिटू नका. पडदा काळा आहे म्हणजे बिघडलं असं नाही, अर्धा तास तरी हात लावायचा नाही.

त्यानंतरही काहीच हालचाल नसेल तर अनेक मॉडेलांत सुटकेची वाट ठेवलेली असते. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि बी दाबून पॉवर दिली की बायोस रिकव्हरी सुरू होते, डेलवर कंट्रोल आणि एस्केप. तुमच्या मॉडेलचं काय ते मोबाइलवर कंपनीच्या साइटवरूनच बघा.

झाल्यावर पुन्हा सिस्टीम इन्फर्मेशन उघडा आणि नव्या आवृत्तीचा फोटो काढा. बिटलॉकर परत चालू झालंय ना तेही पाहा.

"चालतंय ते कशाला छेडा" हा मुद्दा मलाही पटतो, दर महिन्याला बायोस बदलत बसायची गरज नाही. पण सध्या एक कारण आहे. मशीन सुरू होताना सॉफ्टवेअर अस्सल आहे का हे तपासणाऱ्या सिक्युअर बूटच्या मायक्रोसॉफ्टच्या २०११च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपत जाते. नवी प्रमाणपत्रं मुख्यतः विंडोज अपडेटमधून येतात, पण काही मशिनींना त्याआधी कंपनीचं फर्मवेअर अपडेट लागतं.

५. कंपनीच्याच चाचणीने दोष पकडा

अपडेटनंतरही त्रास असेल तर मशीनमधलीच डायग्नॉस्टिक चाचणी चालवा. डेलवर सुरू होताना एफ१२, एचपीवर एफ२, लेनोवोच्या काही मॉडेलांवर एफ१०. डिस्क, मेमरी, बॅटरी, पंखा सगळं तपासून घेते. दोष सापडला की पडद्यावर एक कोड येतो. एचपीचा तो २४ अंकी असतो. फोटो काढा. हा कोड दिला की फोनवरचं "रीस्टार्ट करून बघा" बरंचसं गळून पडतं, कारण आता दोष तुम्ही सांगत नाही, त्यांचंच मशीन सांगतंय.

मशीन चालूच होत नसेल तर दिवे बघा. किती वेळा कोणत्या रंगात लुकलुकतोय, बीप किती येतात, याचा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. अधूनमधून येणाऱ्या दोषाला तर व्हिडिओशिवाय पर्यायच नाही. सेंटरच्या काउंटरवर तो दोष हटकून दडी मारतो.

६. तक्रार: नंबर खरा, मजकूर लेखी

गुगलवर "अमुक कंपनी कस्टमर केअर मुंबई" असं शोधू नका. वर येणाऱ्या नंबरांत भामट्यांचे नंबर असतात. फोन उचलणारा गोड बोलतो, रिमोटचं ॲप टाकायला लावतो, दहा रुपये "रजिस्ट्रेशन" मागतो आणि खातं साफ करतो. वॉरंटीच्या तक्रारीला नोंदणी फी नसते. नंबर कंपनीच्या साइटवरून किंवा खोक्यातल्या पुस्तिकेतून घ्या. कुणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३०वर, फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

तक्रार फोनवर केली तरी त्याच दिवशी ईमेल करा. नमुना असा:

"सिरियल नंबर अमुक, खरेदी तारीख अमुक. चार्जर लावल्यावर दिवा लागतो पण चार्जिंग होत नाही. बायोस अमुक आवृत्तीवरून अमुक आवृत्तीवर अमुक तारखेला अपडेट केलं, फरक नाही. डायग्नॉस्टिकचा कोड अमुक. फोटो, व्हिडिओ आणि बिल सोबत जोडलं आहे. वॉरंटीनुसार दुरुस्ती करावी आणि केस नंबर कळवावा."

यात राग नाही, वर्णनं नाहीत. माझ्या वहिनीच्या लॅपटॉपच्या वेळी फोनवरच्या मुलाने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "मॅडम, बायोस..." वहिनी म्हणाली, "दादा, मेल उघडा, तिसरी ओळ वाचा." थोडा वेळ शांतता, मग, "ओके मॅडम, इंजिनिअर अलाइन करतो."

मशीन ऑनलाइन घेऊन चार-आठ दिवसच झाले असतील तर आधी विक्रेत्याची बदलून द्यायची मुदत बघा. दुरुस्ती करत बसलात तर ती मुदत निघून जाते आणि नव्या मशीनऐवजी नवा बोर्ड हाती येतो.

७. सेंटरवर किंवा घरी

अधिकृत सेंटर कोणतं ते कंपनीच्या साइटवर बघा. बाहेर कंपनीचा बोर्ड लावलेलं प्रत्येक दुकान अधिकृत नसतं. लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा डॉ. भडकमकर मार्ग, जुना चार्जर, रॅम, एसएसडी यांसाठी सोन्यासारखा आहे. वॉरंटीतला लॅपटॉप मात्र तिथे उघडायला देऊ नका. उघडलेल्या स्क्रूच्या खुणा सेंटरवाल्याला लगेच दिसतात. रॅम स्वतः वाढवायची असेल तर काही कंपन्या परवानगी देतात, आधी मेलवर विचारून घ्या.

कॅरी-इन असेल तर गर्दीची वेळ टाळा. दादरला सकाळी नऊला पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप असेल तर स्क्रीन गेलीच म्हणून समजा, आणि ती "फिजिकल डॅमेज" ठरते. बॅग पुढे घ्या, लॅपटॉप दोन पातळ उशांच्या अभ्र्यांत गुंडाळा. निघण्याआधी चारही बाजूंचे, पडद्याचे आणि तळाचे फोटो काढा.

काउंटरवर सगळं येऊन ठेपतं ते जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा करून घेतानाच्या नोंदीच्या कागदावर. तिथला माणूस भराभर टाइप करतो: "नो पॉवर, स्क्रॅचेस, डेंट." सही करण्याआधी वाचा. डेंट नसेल तर खोडायला सांगा. दोषाच्या रकान्यात तुमचं पूर्ण वाक्य लिहून घ्या. चार्जर दिला असेल तर तो नोंदवा, नसेल दिला तर "चार्जर दिला नाही" हेही. विंडोजचा पासवर्ड लिहून द्यायची वेळ आली तर आधीच एक वेगळं साधं खातं बनवून त्याचाच द्या.

मुंबईतला खास वाद म्हणजे "लिक्विड डॅमेज". समुद्राची हवा, जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी, कपाटात बुरशी. बोर्डावर हिरवट डाग दिसला की सेंटर त्याला सीआयडी म्हणतं, म्हणजे ग्राहकाने केलेलं नुकसान, आणि वॉरंटी नाकारून बोर्डाचं मोठं एस्टिमेट हातात ठेवतं. तोंडी मान्य करू नका आणि तोंडी नाकारूही नका. डाग नेमका कुठे आहे त्याचे फोटो आणि नाकारण्याचं कारण मेलवर मागा. पाणी खरंच सांडलं असेल तर डाग बहुधा कीबोर्डखाली किंवा एखाद्या पोर्टपाशी एकवटलेला असतो, दमटपणाचा पसरट असतो. तज्ज्ञाचं मत वेगळं असू शकतं, पण फोटोशिवाय तेही घेता येत नाही.

इंजिनिअर घरी येणार असेल तर आल्यावर त्याचं ओळखपत्र बघा, मेलवरचा केस नंबर जुळवा. नवा पार्ट सीलबंद पाकिटात आहे का ते पाहा. आणि काम संपल्याचा ओटीपी मशीन किमान पंधरा मिनिटं चालवून बघितल्याशिवाय देऊ नका. "सर, पुढचा कॉल आहे, ओटीपी द्या, नंतर काही झालं तर फोन करा" हे प्रेमाने म्हणतात. त्यांच्यावर कॉल बंद करायचा ताण असतो, ते समजून चहा द्या, ओटीपी नको.

८. परत घेताना

मदरबोर्ड बदलला असेल तर हे काउंटरवरच तपासा:

- बायोसमध्ये सिरियल नंबर आणि मॉडेल बरोबर आहे का. नव्या बोर्डात ते भरायचं राहून जातं, जागा रिकामी असते आणि पुढच्या वेळी कंपनीची साइट तुमचं मशीन ओळखत नाही
- विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का
- रॅम आणि डिस्क तेवढीच आहे का
- कॅमेरा, वायफाय, प्रत्येक पोर्ट, दोन्ही स्पीकर
- बदललेल्या पार्टची नोंद असलेला रिपोर्ट

पहिल्यांदा चालू करताना ती ४८ अंकी की मागितली जाईल, कागद बरोबर ठेवा. नव्या बोर्डात बायोस जुनं असू शकतं. म्हणजे घरी येऊन चौथी पायरी पुन्हा.

९. अडवलं तर

आधी कंपनीच्या वरच्या पातळीला मेल करा, जुन्या मेलच्या धाग्यातच. हलत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि पुष्कळदा तेवढ्यावर "पार्ट अव्हेलेबल नाही" असलेला पार्ट उपलब्ध होतो. कागद कसे लावायचे हे कळत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५पासून हेच काम करते, कार्यालय विलेपार्ल्याला.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, कंपनीचं मुख्यालय बंगळुरूला असलं तरी बंगळुरू गाठावं लागत नाही. उपनगरात राहणाऱ्यांचा आयोग वांद्र्याला आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची, तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून. सेंटरने वॉरंटी ज्या मेलने नाकारली, त्या मेलची तारीख म्हणूनच जपून ठेवा.